निरोगी

सीपीआरच्या तळमजल्यावर भिंगाखाली
शिरोली नाक्यावर गेलेला एक मुलगा, नखाएवढा.
चिठ्ठीवर : हृदय, निरोगी.

मला वाटायचं, निरोगी म्हणजे पहाराच नको.
पण तंतूंच्या फटींत, केशवाहिन्यांना खेटून
भक्षकपेशी बसलेल्याच,
कुस्ती नसताना तालमीच्या पायरीवर
म्हातारे वस्ताद बसतात तशा.
टी-पेशी तुरळक. बी शोधावी लागते.
मार डोक्याला बसला. इथं कुणी उठलंही नाही.

दारात कागलहून आलेले वडील :
"पोराला आत काय दुखणं हुतं का, बाई?"
"नव्हतं."
"मग झालं."

परत मोजते. एका चौकोनात अकरा, शेजारी नऊ,
आणि एक नेमकी रेघेवर.
ती कुठं धरायची,
बेनाडीकर मॅडमना विचारायला हवं.