मेणाची नळी

कर्णा आधी सापडला, यंत्र नंतर.
नार्वेला रोहिदासच्या भट्टीवर
हुर्राक ओतायला नरसाळं म्हणून वापरत होते त्याला,
आणि मी दोन हंगाम तिथं बसून प्यायलो
मान वर न करता.
तिसऱ्या हंगामात केली.
पत्र्याच्या अकरा पाकळ्या, कडेला उडत आलेला निळा रंग.
"हे कुठलं?"
"पलीकडचं. दिवाडीचं. भंगारातलं."
मी त्याला प्लॅस्टिकचं नवं नरसाळं दिलं, वर शंभर रुपये.
त्याला वाटलं, मी खुळा.
डिचोलीत चावीची घड्याळं दुरुस्त करत बसणाऱ्याला
तसंही शहाणा कोण म्हणतो आता.

तीन रविवार फेरीबोटीतून पलीकडे गेलो,
स्कूटरच्या दांडीला कर्णा बांधून.
पोरं मागं धावायची: नवा पोदेर! पाव कुठायत?
कुत्र्यांचं तर विचारू नका.
चौथ्या रविवारी पिएदादच्या चढावर
एर्मेलिंदाबाईंनी हाक मारली.
मला नव्हे. कर्ण्याला ओळखून.

यंत्र जिन्याखाली होतं.
पेटीत कोंबडी बसली होती, खाली नऊ अंडी.
"ती उठेपर्यंत थांब," बाई म्हणाल्या.
एकवीस दिवस थांबलो.
एवढा मी लग्नालाही थांबलो नव्हतो.

मग चार महिने.
तळ वाळवीनं खाल्लेला, तिथं फणसाची फळी.
स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस काकवीसारखं थिजलेलं,
रॉकेलमध्ये भिजवलं, झाकण काढलं, आणि ती पोलादी पट्टी
शंभर वर्षांचा राग एकदम काढावा तशी उसळली.
अंगठ्याला सहा टाके.
बायको म्हणाली, पैसे मोजून मार खाणारा तूच एक.
वेग आवरणाऱ्या तीन वजनांतलं एक गायब.
शिसं ओतून नवं केलं, सोनाराच्या काट्यावर तोललं,
घासलं, परत तोललं,
सोनार शेवटी दुकान बंद करून जेवायला गेला,
मी काट्यापाशीच.

पेटीसोबत मेणाच्या सहा नळ्या होत्या.
पाच बुरशीनं पांढऱ्या, जुन्या खोबऱ्यासारख्या.
सहावी अर्धी.
ती चढवली एका रात्री, वर्दळ थांबल्यावर.
खरखर.
मग पुरुषाचा आवाज, खोल, जरा हसरा:
*उलय. उलय गो बाये.*
मग काहीच नाही.
खुर्ची सरकल्यासारखं.
*उलय मगो.*
काहीच नाही.
कुठंतरी कोंबडा आरवला,
आणि बुरशी सुरू झाली.

बाईंना ऐकवलं त्यांच्याच ओसरीवर.
कान कर्ण्यात घालून बसल्या, पाठमोऱ्या.
"आजोबा," म्हणाल्या. "तारवटी होता.
आगबोटीवरून आणलं हे, सगळ्या गावाला दाखवायला.
आणि गप्प आहे ना,
ती माझी आई."
मग एकट्याच हसल्या बराच वेळ.
"पुढंही फारसं बोलली नाही ती."

यंत्राचे पैसे त्यांनी मोजून घेतले.
नळी दिली नाही.
रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली, लग्नाच्या साडयेच्या घडीत.
मी मागूनही पाहिली. संग्रह करणाऱ्याला लाज नसते.
नाही म्हणाल्या, आणि काळा चहा दिला.
आता यंत्र डिचोलीत, नळी दिवाडीत,
मधे नदी.

वर्षातून एकदा पेटी मांडीवर घेऊन
मी फेरीबोटीत बसतो.
यंदा त्यांना खरं ते सांगून टाकलं:
दर खेपेला सुई थोडं मेण खरवडते,
दर खेपेला आवाज थोडा जातो.
"किती वेळा वाजेल अजून?"
वीस, म्हटलं. फार तर बावीस.
एक्क्याऐंशीच्या आहेत.
बोटांवर काहीतरी मोजलं त्यांनी, दोनदा.
"पुरो," म्हणाल्या. "दे चावी."

मी चावी दिली.
आजोबांनी विनवलं, आई बोलली नाही,
कोंबडा आरवला,
आणि अंगणातली कोंबडी दाणे टिपायची थांबून
मान वाकडी करून
ओसरीकडे बघत राहिली.