पाचवं पिल्लू

मुहू बेटावर, मेंढ्यांच्या गोठ्यात
गुडघे टेकून लेइडा बघते:
डोळ्यांत चिपडं नाहीत,
कानांत काळी भुकटी नाही,
हिरड्या गुलाबी. पोट?
टम्म असेल तर जंत.

"शेपटीखालीही बघ," युलो म्हणतो
आणि स्वतःच लाजतो.

तिने किल्ल्या खुळखुळवल्या.
चार पिल्लं गवतात पसार.
पाचवं दचकलं, थबकलं,
मग तिच्या बुटाची नाडी चावू लागलं.

निवड झाली म्हणायची.
कुणी केली, ते राहू दे.

निघताना तिने मांजरीखालचं फडकं मागून घेतलं,
दुधाच्या वासाचं.

फेरीबोटीवर खोकं रडत राहिलं.
लेइडाने भोकातून बोट आत सरकवलं.
खरखरीत जिभेने ते तपासलं गेलं,
नखापासून पेरापर्यंत,
अजिबात घाई न करता.

धुक्यात पलीकडचा धक्का
अजून दिसत नव्हता.