पंचावन्न लिटर

कुर्ल्याच्या गाळ्यात सॅक शिवणाऱ्या दोन पोरांना,
इर्शादला आणि मिथिलला, माणसं हवी होती.
पैसे नाहीत. सहा आठवडे पाठीवर घ्या,
मग खरं काय ते लिहून द्या,
सॅक तुमची.
मी हात वर केला.
वय त्रेपन्न, उंची पाच फूट एक.
अनुभवाच्या रकान्यात लिहिलं:
कॉलेजात असताना हरिश्चंद्रगड. एकदा.

इर्शादचा बाप शिंपी, टेप गळ्यातच.
विचारून त्यानं एक टोक मानेच्या मणक्यावर ठेवलं,
दुसरं कमरेपर्यंत आणलं.
सोळा इंच.
आयुष्यभर ब्लाउजला मापं देत आले,
हे माप कुणी घेतलं नव्हतं.

अट अशी, की अकरा किलो भरायचे.
पाच किलो गहू, तीन किलो तांदूळ,
अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या,
तरी काटा पुढं सरकेना, म्हणून वरवंटा,
जो मिक्सर आल्यापासून
दाराला टेकण म्हणून कामाला होता.

पहाटे पाचला कमरेचा पट्टा बांधायचा.
बकल टक् वाजतं.
लिफ्टकडं न बघता सात मजले खाली,
फाटकाबाहेर, मुलुंड अजून झोपलेलं,
योगी हिलचा चढ, वरच्या टाकीला वळसा,
आणि पुन्हा सात मजले वर.

तिसऱ्या दिवशी वॉचमननं विचारलं, "गावाला?"
म्हटलं, "नाही, टेस्टिंग चालू आहे."
त्यानं हळहळून मान हलवली,
कुठल्या रोगाची, ते मात्र विचारलं नाही.
पाचव्या दिवशी तळमजल्याच्या पेडामकर काकू
दुधाची पिशवी घेऊन जिन्यात उभ्या.
माझं मनगट धरलं.
"रोज निघतेस. रोज परत येतेस.
बघतेय मी.
जायचंच होतं तर पंचवीस वर्षांपूर्वी जायचंस गं."
मी पायरीवर सॅक उघडली.
गहू दाखवला. तांदूळ दाखवला. वरवंटा दाखवला.
वरवंटा बघून त्या जास्तच घाबरल्या.

मला आलेलं हसू सहाव्या मजल्यापर्यंत पुरलं.
सातव्यावर दार उघडं होतं.
ह्यांनी चहा टाकला होता,
लायटर कुठं असतो हे
अठ्ठावीस वर्षं मला विचारणाऱ्या माणसानं.
कुणाकडून काय ऐकलं, मी विचारलं नाही.
त्यांनी सांगितलं नाही.
सॅक उतरवताना फक्त मागून हात लावला,
म्हणाले, "जड आहे."
मग बऱ्याच वेळानं, "सगळं भरलंयस?"
चहात साखर फार झाली होती.
प्यायले.

आता लिहायला बसलेय.
शिवण कुठंही उसवली नाही, इर्शादच्या वडिलांना सांगा.
डाव्या पट्ट्याची कड काखेत टोचते,
पुरुषाला टोचत नसेल.
वरच्या कप्प्यात चष्म्याचं घर मावतं, डबा मावत नाही.
चेन एका हातानं उघडत नाही.
बाईचा दुसरा हात मोकळा असतो
असं कुणी सांगितलं तुम्हाला?
बकलाचा आवाज मोठा आहे. पहाटे घर जागं होतं.
हे शेवटचं खोडावं की ठेवावं,
दोन दिवस ठरेना.
ठेवलं,
पण दोषांतून काढून "इतर"मध्ये.

मग एक प्रश्न उरतो:
ही सॅक घेऊन तुम्ही किती दूर जाल?
टाकीपर्यंत, असं लिहून ठेवलंय,
पेन्सिलीनं.

गहू दळून आणला. तांदूळ डब्यात गेला.
वरवंटा पुन्हा दाराशी.
रिकामी सॅक खुंटीवर आहे आणि पंख्याच्या वाऱ्यानं
जराशी हलते.
काल जेवताना, ताटातून मान वर न करता, ह्यांनी विचारलं,
हरिश्चंद्रगडाची एसटी कुठून सुटते.
मी म्हटलं,
आधी कुर्ल्याला जाऊन
पाठ मोजून घ्या.