लाइट गेली तेव्हाची ओळ

पंचफुला गेडाम, नर्सबाई, उपकेंद्र बोरखेडी.
चार कादंबऱ्या. चारही मीच टाइप केल्या,
आर्वीला, तहसीलसमोरच्या माझ्या टपरीत,
उत्पन्नाचे दाखले आणि लग्नपत्रिकांच्या मधे.

लसीकरणाच्या जुन्या तक्त्यांच्या पाठीवर लिहायच्या.
समोर पोलिओचे डोस, मागे माणसं.
पानाला बारा रुपये, घासाघीस कधी नाही.
फक्त म्हणायच्या, "वेलांट्या माह्या हायेत,
त्याईले हात लावू नोको."

पहिलीच्या तीनशे प्रती. दोनशे त्यांच्या पलंगाखाली,
चार कूलरच्या पायांखाली.
कूलर तेव्हापासून हलत नाही.

दुसरीच्या वेळी पुण्याहून फोन आला, माझ्याच मोबाइलवर:
"धुरा म्हणजे बांधच ना? मग बांध करून टाका."
बाईंनी फोन घेतला.
"बांध पानी अडवते साहेब. धुरा भाऊ अडवते."
फोन मला परत दिला आणि पुढचं पान काढलं.

तिसरीला बक्षीस. शाल, नारळ,
आणि एका मोठ्या समीक्षकाचा अर्धं पान लेख:
नवव्या प्रकरणाच्या शेवटी लेखिका बोलता बोलता थांबते,
असा संयम आपल्याकडे दुर्मीळ.

नवव्या प्रकरणाच्या शेवटी एक ओळ होती.
रात्री मोटरसायकलवर मधे बसवून आणलेली बाळंतीण,
तिच्या मनगटावर गोंदलेला विंचू,
आणि शेवटच्या ओळीत बापाचं नाव नाही,
नुसता त्याच्या ट्रॅक्टरचा रंग.

तो विंचू माझ्या बहिणीच्या मनगटावर आहे.
आमच्या गावात त्या रंगाचा ट्रॅक्टर एकच.

मी सगळ्यांना सांगतो, लोडशेडिंग होतं,
बॅकअप घ्यायचा राहिला.

लेखाचं कात्रण घेऊन बाई टपरीत आल्या.
चष्मा पुसला, लावला, पुन्हा पुसला.
"लाइट गेलती ना रे तवा?"
"हो, बाई."
"बरं झालं."
बाहेर कोणीतरी झेरॉक्ससाठी ओरडत होतं.
"लिहालेच नोको होती मी थे ओळ."
आणि त्या दिवशीचे पानाचे पैसे
त्यांनी एका ओळीसकट मोजून दिले.

चौथीत एकही ट्रॅक्टर नाही.
सत्तर साली नसतील एवढ्या बैलगाड्या आहेत.
समीक्षकांना ते आवडलं नाही.

भाची आता अकरावीला.
परवा कॉलेजच्या लायब्ररीतून तिसरी घेऊन आली,
जेवतानासुद्धा मांडीवर.
मी विचारलं, कुठवर आली?
म्हणाली, मामा, आठवं संपत आलं.