दुसरा होला

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की दुसऱ्या दिवशी पहाटे
शालिकमामा छर्‍याची बंदूक गोणपाटात गुंडाळायचा,
सायकलच्या दांडीला बांधायचा,
आणि मला मागे कॅरिअरवर.
अजनीचा पूल, वर्धा रोड, खापरी ओलांडून
उजवीकडे एक वावर होतं,
तीळ झाडून नेलेलं.

होले आधी दिसायचेच नाहीत.
ढेकळं चालायला लागली की समजायचं.

पहिला पडायचा.
मी उठायला जायची, मामा गुडघा दाबायचा.
"हलू नको, कुंदे. दुसरा येते."
दुसरा बाभळीवर जाऊन बसलेला असायचा,
तिथून कुर्रर्र, कुर्रर्र,
जसं काही घरातच कोणी हरवलंय.
मी मनात मोजायची.
बहुतेक तीस-चाळीसच्या आतच.
एकदा एकशे बारापर्यंत गेले,
वाटलं, हा शहाणा निघाला.
आला.

पिशवीत ते बराच वेळ गरम राहायचे.
मानेवर ठिपक्यांचा पट,
गळ्याच्या थैलीत तीळ, कोरडे, अख्खे,
पुन्हा पेरता आले असते.

मामी काळ्या मसाल्यात शिजवायची.
मुठीएवढं तर मांस.
छर्रा दाताखाली आला की बशीत टण्ण.
ज्याच्या बशीत जास्त, तो जिंकला.
मी खूपदा जिंकले.

आता मामा मनीषनगरात, तिसऱ्या मजल्यावर.
बंदूक भंगारवाल्यानं लोखंडाच्या भावात नेली.
मामीला जाऊन श्रावणात वर्ष झालं,
तिच्या दिवाणावर घड्या न केलेले कपडे.
ऑक्टोबरची काहिली, आणि कूलर बंद,
कारण त्याच्या डोक्यावर अकरा काड्या,
त्याला घरटं म्हणायचं.
मामा पेपरानं वारा घेतो.
"मांजरीनं नेला काल एक," म्हणतो,
आणि पुढे काहीच म्हणत नाही.

अंडी आहेत. दोन. उन्हात.

मी चहा घेऊन येते तेव्हा
तो खिडकीसमोर खुर्चीत, अजिबात न हलता.
उजव्या हाताचं एक बोट
गुडघ्यावर वाकलेलं.
समोरच्या टाकीवरून कुर्रर्र.
"मामा, चहा."
"थांब व."

कप हातात धरून मी उभी.
साय धरते.
मोजायचं नाही असं ठरवते,
आणि सतरावर असते.