झीज धरलेली नाही

एकतीस तारखेला कंपनीची वॉरंटी संपते.
पुण्याहून शोरूमची मुलगी रोज साडेअकराला फोन करते,
'सर, निर्णय झाला का?'
इतक्या आपुलकीने
माझ्या गुडघ्यांची चौकशी डॉक्टरही करत नाही.

दोन वर्षं वाढवायची तर एक लाख त्र्याऐंशी हजार,
चार वर्षं तीन लाख दहा, वर जीएसटी.
काळी जर्मन गाडी अक्कलकोट रोडला कारखान्याच्या शेडमध्ये उभी,
अंगावर आमच्याच सेकंड टॉवेलांची शिवलेली खोळ.
महिन्यातून एकदा पुणे, एरवी अशोक चौक ते एमआयडीसी,
तेही मे महिन्यात दहाच्या आत.
नंतर स्टिअरिंग धरणं म्हणजे
तव्यावरची भाकरी हाताने उलटणं.

जावई म्हणतो, घ्याच. एक सेन्सर गेला की साठ हजार.
पद्मावती म्हणते, सेन्सर म्हणजे काय ते आधी दाखवा.
मल्लेशम जॉबरला
चाळीस मागांच्या खडखडाटात
एका सैल नटाचा आवाज वेगळा ऐकू येतो.
त्याला शेजारी बसवून होटगी रोडला फेरी मारून आणली.
उतरल्यावर म्हणाला, 'मालक, हिला आवाजच नाही.
बिघडली तर सांगणार कशी?'

रात्री छत्तीस पानं वाचली, भिंग लावून.
काय धरलंय ते पाच पानांत.
बाकी सगळं, काय धरलेलं नाही.
ब्रेकचे पॅड नाहीत. रबर नाही. वायपर नाही.
सीटच्या चामड्याचा रंग उडाला तर नाही.
उंदराने वायर कुरतडली तर नाही
(आमच्याकडे सुतामुळे उंदीर पिढीजात आहेत).
पूर नाही, दंगल नाही,
अनधिकृत हात लागला तर काहीच नाही,
म्हणजे मल्लेशमचा.
आणि एकविसाव्या पानावर एकच ओळ:
सर्वसाधारण वापराने होणारी झीज धरलेली नाही.

उठून पाणी प्यायलो.

शहात्तर साल. गड्ड्याचे दिवस.
दुकानात दुधनीकडची एक बाई आली,
काखेत आमची चादर, अकरा वर्षं धुतलेली.
मोर होता तिथे नुसती मोराची आठवण.
म्हणाली, 'बण्ण होयतु री.'
रंग गेला.
लेबलवर आमचाच शिक्का होता:
पक्का रंग. गेल्यास चादर बदलून मिळेल.
मी तेरा वर्षांचा, गल्ल्यामागे, हसलो.
नायनाने चादर उजेडात धरली,
उलटी केली, काठ बोटांत चोळला,
आणि कपाटातून नवी काढून दिली.
बाई गेल्यावर मला म्हणाला,
'किती वर्षं ते लिहायचं राहिलं. चूक आपली.'

लगेच देवमाणूस म्हणू नका.
पुढच्या छपाईत त्याने एक ओळ वाढवली:
मुदत दोन वर्षं. धुण्याच्या चुकीस जबाबदार नाही.
अक्षर इतकं बारीक की छापणाऱ्याने दोनदा विचारलं.

ती जुनी चादर मात्र त्याने विकली नाही, फाडली नाही.
शेवटपर्यंत पायांवर घ्यायचा.
म्हणायचा, असा मऊपणा नव्या मालात येत नाही,
दुसऱ्याने अकरा वर्षं पांघरावं लागतं.

आज साडेअकराला मीच विचारलं,
'बाई, ती झिजेची ओळ काढता येईल का?'
ती थांबली. पहिल्यांदाच कागद न वाचता बोलली,
'सर, झीज कुणीच धरत नाही.'

खरं बोलली म्हणून दोन वर्षांची घेतली.
चारचं गुडघ्यांना विचारून कळवतो म्हटलं.
पद्मावतीने वहीत रक्कम मांडली,
पुढे कंसात लिहिलं: न दिसणाऱ्या वस्तूस.

मल्लेशम खोळ घालत होता.
त्याला उंदरांचे दोन पिंजरे आणायला पाठवलं,
मंगळवार बाजारातून,
रोखीने, बिनगॅरंटीचे.