उलटे खिसे

शेजवळ सरांचे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा मोजत,
सुटताना गेटवर खिसे उलटे करून दाखवत.
सर म्हणायचे, अर्थशास्त्राचा पहिला तास
मी त्या खिशांपाशी केला.

मग दिल्ली. मग अथेन्स, दोन वर्षं.
बंद बँकेच्या पायरीवर एका म्हाताऱ्याने
त्यांना अर्धं संत्रं दिलं.
प्रबंधात ते कुठेच बसलं नाही.

परतले. फळ्यावर मागणीची रेघ काढताना
एकदा खडू थांबला; बाहेर सातपूरचा भोंगा.
"ही रेघ खाली येते तेव्हा कोण खाली येतं?"
आम्ही वहीत उतरवून घेतलं.
परीक्षेला आलं नाही.

पुढे लाल झेंडा, सायकल, अंबडच्या गेटांवर हँडबिलं.
दोनदा डिपॉझिट गेलं,
तिसऱ्यांदा त्रेसष्ट मतांनी महापालिकेत.
पाणीपट्टीवर बोलताना आकडे असे मांडायचे
जशी पंगतीत पानं.

मग पक्षानेच दरवाढीच्या ठरावावर सही मागितली.
सरांनी राजीनामा पेन्सिलीने लिहिला :
खोडायचा तर तुम्ही खोडा.

परवा भद्रकालीच्या बाजारात दिसले,
घासाघीस न करता मेथी घेत.
म्हटलं, सर, आता पुढे काय?
त्यांनी दोन्ही खिसे उलटे केले.
एकातून खडूचा तुकडा पडला,
तो मेथीवालीने उचलून
पाटीवर भाव बदलला.